बाळांच्या कपड्यांची कंपनी काढायचीय? आधी गळा आणि टिचबटण बघा, प्रिंट नंतर

बाळांच्या कपड्यांचा ब्रँड सुरू करायचा म्हणून जे कोणी माझ्याकडे विचारायला येतात त्यांच्याकडे तीन गोष्टी हमखास तयार असतात, ब्रँडचं नाव, लोगो आणि हत्ती-ससे-ढगांचे पंधरा-वीस प्रिंट. मग मी विचारते, वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर किती असतो? सगळे गप्प. मी या लाइनमध्ये आधी पॅटर्नच्या, म्हणजे कापड कापायच्या साच्यांच्या, टेबलावर आणि नंतर प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काढलीत, आणि माझं मत असं झालंय की पहिली विक्री प्रिंटमुळे होते पण दुसरी विक्री होते ती गळा डोक्यातून सहज गेला, टिचबटण हातात आलं नाही आणि तिसऱ्या धुण्यानंतर कपडा आटला नाही म्हणून. तर हा लेख त्या कंटाळवाण्या गोष्टींबद्दल आहे. लांबलाय, पण क्रमाने वाचा.

पायरी १: कुठल्या वयाचं करायचं ते ठरवा

"लहान मुलांचे कपडे" हा एक धंदा नाहीये, निदान तीन आहेत. शून्य ते दोन वर्षं, दोन ते सहा, आणि सात ते बारा-चौदा. शून्य ते दोनमध्ये विकत घेणारा एक आणि घालणारा दुसराच, आणि घालणाऱ्याला बोलता येत नाही, त्यामुळे टोचतंय की काचतंय हे कळायला रडण्याशिवाय काही मार्ग नाही. दोन ते सहाचं मूल स्वतः कपडे काढा-घालायला शिकत असतं, त्याला इलॅस्टिकची कंबर हवी, घाईच्या वेळी न उघडणारी बकलं नकोत. सात-आठच्या पुढे मुलं आपलं आपण ठरवतात काय घालायचं, एकाच वयाच्या दोन मुलांच्या अंगात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि रिटर्न वाढतात. पहिल्याच वर्षी तिन्ही करायला जाऊ नका. एकूण अठरा-वीस साइज होतात, प्रत्येक साइजचा थोडा थोडा माल पडून राहतो आणि सगळा पैसा तिथेच अडकतो.

नवीन माणसाने शून्य ते दोन घ्यावं असं मला वाटतं, कपडे छोटे असतात, कापड कमी लागतं आणि गिफ्ट म्हणून खपतात. पण वाढीचा वेग लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जी वाढीची मानकं काढली त्यात मुलग्याची मध्यम लांबी जन्माला ४९.९ सेंटीमीटर आहे, सहा महिन्यांना ६७.६, वर्षाला ७५.७ आणि दोन वर्षांना ८७.८. मुली साधारण एक-दोन सेंटीमीटरने कमी. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ अठरा सेंटीमीटर आणि पुढच्या सहा महिन्यांत फक्त आठ. त्यामुळे सगळ्यात छोटी साइज काही आठवडेच अंगावर राहते, आणि कित्येक बाळं ती साइज सोडूनच देतात.

युरोपात म्हणूनच साइज महिन्यांवर न ठेवता उंचीवर ठेवतात, ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८० अशी सहा-सहा सेंटीमीटरने. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते कारण "६ ते ९ महिने" हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि ७४ हा बऱ्यापैकी ७४च असतो. लेबलवर दोन्ही छापा, महिने आणि उंची, आणि जमलं तर वजनही.

पायरी २: तीनच कपडे निवडा

खरंच तीनच. पहिला म्हणजे बॉडीसूट, ज्याला खाली टिचबटणं असतात तो, दुसरा पायापर्यंतचा झोपायचा सूट आणि तिसरी इलॅस्टिकची सैल पॅन्ट. हे तीन नीट जमले की त्याच कापडात टोपी, बिब, मोजे निघतात, कापणीत उरलेल्या तुकड्यातून सुद्धा.

जुन्या कंपन्या बघितल्या तर त्या एखाद्याच वस्तूवर उभ्या राहिल्यात. फ्रान्समधल्या त्र्वा शहरातली पेती बातो १८९३ पासूनची विणकामाची कंपनी, पण नाव झालं ते १९१८ मध्ये लांब पायांच्या आतल्या चड्डीचे पाय कापून छोटी सुती चड्डी काढली त्यामुळे. स्वीडनची पोलार्न ओ. पिरेट १९०९ पासून आहे, आणि लोक तिला ओळखतात १९७० च्या दशकातल्या पट्ट्यांवरून. मुद्दा काय तर कलेक्शन नंतर होतं, आधी एक कपडा असा करा की लोक दुसऱ्या साइजला परत तोच मागतील.

पायरी ३: कापड

बाळांसाठी विणीचं म्हणजे निटेड कॉटन बरं, कारण ते ताणलं जातं. सिंगल जर्सी पातळ आणि हलकी, साधारण १४० ते १६० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन), उन्हाळ्याला ठीक, पण कापल्यावर काठ गुंडाळतो त्यामुळे शिवणाऱ्याला त्रास. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखी, काठ गुंडाळत नाही, १८० ते २२० पर्यंत घ्या, आणि झोपायच्या सूटसाठी माझी पसंती कायम हीच. गळ्याला आणि मनगटाला रिब, म्हणजे उभ्या रेघांची ताणणारी वीण. रिबमध्ये थोडं इलास्टेन घातलेलं असलं तर ताणून परत जागेवर येते, नाहीतर चार महिन्यांत गळा लोंबतो. सूत कोम्ब्ड आहे का विचारा, म्हणजे आखूड तंतू काढून टाकलेलं, त्याला गोळे कमी येतात.

आता आटणं. कापडवाला सांगेल "प्रीश्रंक आहे", ते ऐकून घ्या आणि स्वतः तपासा. साधारण ६० बाय ६० चा तुकडा घ्या, त्यावर पक्क्या पेनाने ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन काढा, लेबलवर जे धुणं लिहिणार त्याच पद्धतीने तीनदा धुवा आणि वाळवा, मग मोजा. लांबीला ४७.५ च्या खाली आलं म्हणजे पाच टक्क्यांपेक्षा जास्त आटलं. पाच टक्के ऐकायला कमी वाटतात पण बॉडीसूटची लांबी ४० सेंटीमीटर धरली तर दोन सेंटीमीटर गेले, आणि त्या दोन सेंटीमीटरमुळे डायपर घातल्यावर खालची बटणं लागत नाहीत, म्हणजे कपडा बादच. धुतल्यावर चौकोन तिरका झाला असेल तर तेही बघा, जर्सीत हे फार होतं, बाजूची शिवण फिरून पोटावर येते.

आणि रंग. बाळ बाही चोखतं, कॉलर चोखतं, त्यामुळे लाळेत आणि घामात रंग टिकतो का याची वेगळी टेस्ट असते ती लॅबकडून करून घ्याच. घरी निदान पांढरा सुती रुमाल ओला करून गडद कापडावर दहा-वीसदा घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळासाठी घेऊ नका, लाल आणि नेव्ही ब्लू यात सगळ्यात जास्त दगा देतात.

सर्टिफिकेटबद्दल थोडं, कारण इथे लोक फसतात. ओइको-टेक्स स्टँडर्ड १००, म्हणजे कापडात घातक रसायनं नाहीत याचं सर्टिफिकेट, हे १९९२ पासून आहे, त्यात चार वर्ग असतात आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पहिला वर्ग, सगळ्यात कडक. कापडवाल्याचं सर्टिफिकेट दुसऱ्या वर्गाचं असलं तर ते मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांचं आहे, तुमच्या कामाचं नाही. ते एकाच वर्षासाठी असतं, तारीख बघा आणि नंबर त्यांच्या साइटवर टाकून तपासा, पीडीएफवर विश्वास ठेवू नका. ऑरगॅनिकसाठी गॉट्स असतं, त्यात "ऑरगॅनिक" म्हणायला निदान ९५ टक्के आणि "ऑरगॅनिक वापरून केलेलं" म्हणायला निदान ७० टक्के तंतू ऑरगॅनिक लागतात. गंमत म्हणजे कारखान्याकडे असलेलं स्कोप सर्टिफिकेट एवढंच सांगतं की हा कारखाना असं काम करू शकतो. तुम्ही घेतलेला माल खरंच ऑरगॅनिक आहे हे सांगतं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, आणि ते मागितलं की बऱ्याच जणांचा आवाज बदलतो. आणखी एक, ही सर्टिफिकेटं मुख्यतः कापड, रंग, रसायनं, कारखान्यातलं काम यासाठी असतात. तुमच्या बॉडीसूटचा गळा बरोबर आहे का हे त्यातलं कुठलंच सांगत नाही.

पायरी ४: पॅटर्न, म्हणजे सगळा खेळ

तर तो डोक्याचा प्रश्न. जन्माला मध्यम घेर साधारण ३४ सेंटीमीटर, वर्षाला मुलग्यांचा ४६ आणि मुलींचा ४५. मोठ्या डोक्याची बाळं धरली तर त्यात अजून दोन-अडीच मिळवा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, मान जवळपास नसतेच, म्हणजे गळा मानेला बसायला लहान हवा आणि डोकं जायला मोठा हवा, हा झगडा प्रत्येक बाळाच्या कपड्यात आहे. उपाय तीन, खांद्यावर एकमेकांवर चढणारा एनव्हलप गळा, खांद्यावर टिचबटणं, किंवा पुढून पूर्ण उघडणारं, आपलं झबलं असतं तसं. एनव्हलप गळ्याचा अजून एक फायदा लोकांना माहीत नसतो, शी पार पाठीपर्यंत गेली असेल तर बॉडीसूट डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून काढता येतो. हे पॅकेटवर चित्र काढून सांगा, नवीन आई-बाबा दुवा देतील.

तपासायचं कसं, गळा पूर्ण ताणून आतून मोजा, वर्षाच्या साइजला ५० च्या वर आला पाहिजे, आणि ताणताना शिवणीचा धागा कट्कन तुटता कामा नये. धागा तुटतो तेव्हा नव्वद टक्के वेळा टाका चुकलेला असतो, ताणणाऱ्या कापडाला ताणणारा टाकाच लागतो, ओव्हरलॉक नाहीतर फ्लॅटलॉक. फ्लॅटलॉक आतून सपाट राहते, काखेत आणि मांडीत टोचत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या साइजला मी तीच वापरते.

डायपरची जागा विसरू नका. मोठ्यांचा टी-शर्ट लहान केला म्हणजे बाळाचा होत नाही, बाळाचं पोट पुढे असतं, पाय वाकलेले असतात आणि खाली हा एवढा गठ्ठा. मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त लांब-रुंद लागतो. ग्रेडिंग करताना, म्हणजे एका साइजच्या पॅटर्नवरून बाकीच्या साइज काढताना, प्रत्येक साइजला सगळीकडे सारखं वाढवू नका, लांबी झपाट्याने वाढते, छाती हळू आणि गळा त्याहून हळू. एकदा मी घाईत कॉम्प्युटरवर सगळं एकाच प्रमाणात वाढवलं होतं, १८ महिन्यांच्या साइजचा गळा इतका मोठा झाला की खांदा बाहेर. ते सगळे पीस शेवटी कर्मचाऱ्यांत वाटले.

कपडा जास्त दिवस टिकावा म्हणून लांब रिब दुमडायला ठेवा, किंवा खाली टिचबटणांच्या दोन ओळी. रायन यासिन नावाच्या एरोनॉटिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या डिझायनरने २०१७ मध्ये घड्यांचं असं कापड करून दाखवलं जे मुलाबरोबर उलगडत जातं, पेती प्ली नाव त्याचं, त्याला त्या वर्षी ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कारही मिळाला. तेवढं डोकं आपल्याला चालवायची गरज नाही, दुमडलेली रिब सुद्धा दोन महिने वाढवून देते.

पायरी ५: सेफ्टी, इथे घाई केली तर बाकी सगळं वाया

सगळ्यात आधी नाड्या. हुडीच्या नाड्या घसरगुंडीत, बसच्या दारात अडकून मुलं दगावलीत, म्हणून अमेरिकेत १९९६ ला मार्गदर्शक सूचना आल्या आणि पुढे एएसटीएम एफ१८१६ हे मानक. त्यात साधारण २ ते १२ वर्षांच्या साइजच्या बाहेरच्या कपड्यांना हुड आणि गळ्याला नाडीच चालत नाही, आणि २ ते १६ च्या साइजला कंबरेची नाडी कपडा पूर्ण ताणल्यावर ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येऊ नये, टोकाला गाठ-मणी नको, मध्ये शिवून टाकलेली पाहिजे. युरोपचं ईएन १४६८२, त्यात सात वर्षांपर्यंत हुड-गळ्याला नाडी-दोरी बंदच. मी तर म्हणते बाळांच्या कपड्यात नाडी हा विषयच काढू नका, शोभेची सुद्धा नाही. हुड हवाच असेल तर ओढला की सुटेल असा टिचबटणाचा करा.

मग छोटे तुकडे. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तू तपासायला एक छोटी नळी वापरतात, ३१.७ मिलिमीटर रुंद, जे त्यात पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. कपड्यांवरच्या बटणांना त्या नियमातून तिथे सूट आहे, पण बाळाच्या घशाला ती सूट माहीत नसते, त्यामुळे चांगल्या कंपन्या प्रत्येक बटण ओढून तपासतातच. खेळण्यांच्या युरोपीय मानकात ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटनचा ओढा आहे, म्हणजे साधारण नऊ किलो लटकवल्यासारखं, आणि बरेच ब्रँड तोच आकडा कपड्यांना लावतात. मणी, टिकल्या, पॉम्पॉम, चिकटवलेले खडे, बाळाच्या कपड्यावर नकोच. तुम्हाला कितीही गोड दिसू देत.

टिचबटणाचं निघणं बहुतेक वेळा बटणाची चूक नसते, कापडाची असते. पातळ जर्सीवर एकाच थरात बटण दाबलं की त्याचे दात कापड फाडून बाहेर येतात. म्हणून पट्टीत दोन थर कापड आणि मध्ये अस्तर किंवा पट्टीची टेप, आणि बटणाच्या पायाची लांबी त्या एकूण जाडीला जुळणारी. सप्लायरला तुमचं तयार पट्टीचं कापड पाठवा, तो बटण सुचवेल. रोज सकाळी मशीन लावल्यावर पहिले दहा पीस ओढून बघायचे आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, ही सवय कारखान्याला लावा, कुरकुरतील पण करतील. बटण निकेलचं प्रमाण तपासलेलं घ्या, पोटावर लाल चट्टे येतात ते कित्येकदा त्यानेच.

तुटलेली सुई. मशीनवर सुई तुटली की तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत तो पीस आणि आजूबाजूचे पीस बाजूला ठेवायचे, तुकडे कागदावर चिकटवून नोंद करायची, आणि माल पॅक होण्याआधी नीडल डिटेक्टरमधून, म्हणजे कपड्यात राहिलेला सुईचा तुकडा शोधणाऱ्या मशीनमधून, काढायचा. कारखाना बघायला जाल तेव्हा तुटलेल्या सुयांचं रजिस्टर मागा. "आमच्याकडे सुया तुटत नाहीत" असं उत्तर आलं तर तिथून निघा.

मोजे आणि हातमोजे उलटे करून आत बघा. आतले लोंबणारे धागे बाळाच्या बोटाभोवती गुंडाळतात, रक्त थांबतं, आणि मोज्याच्या आत असल्यामुळे दिसतही नाही. भरतकामाच्या मागचा खरखरीत कागद मऊ चिकट अस्तराने झाकायचा. झिप असेल तर वर हनुवटीखाली कापडाची छोटी घडी, ज्यात झिपचं टोक जाऊन बसेल, आणि झिपच्या मागे आतून पट्टी.

झोपायच्या कपड्यांना वेगळे नियम असतात आणि नवख्यांना ते माहीतच नसतं. अमेरिकेत ९ महिन्यांपेक्षा मोठ्या साइजपासून १४ पर्यंतचे झोपायचे कपडे एकतर आगीच्या टेस्टला टिकले पाहिजेत नाहीतर अंगाला घट्ट बसणारे, नियमात दिलेल्या मापाच्या आतले असले पाहिजेत, कारण सैल सुती कपडा पटकन पेटतो. एकेकाळी यासाठी ट्रिस नावाचं रसायन लावायचे, त्याने कॅन्सरचा धोका निघाला म्हणून १९७७ मध्ये त्यावर बंदी आली. आज बहुतेक कंपन्या रसायन टाळतात आणि घट्ट मापाचा रस्ता घेतात. म्हणून तुमचा झोपायचा सूट तिथे विकायचा असेल तर पॅटर्न काढायच्या आधी ती मापं घ्या, नंतर बारीक करायला गेलात तर सगळी ग्रेडिंग परत. आणि "हा प्लेसूट आहे" असं लिहून सुटता येत नाही, चांदण्या-ढग छापून फोटोत बाळ झोपलेलं दाखवलं तर ते झोपायचंच धरलं जातं. झोपायच्या पिशवीसाठी युरोपात वेगळं मानक आहे, ईएन १६७८१, गळा आणि काखेची मापं त्यात महत्त्वाची, बाळ आत घसरू नये म्हणून.

रसायनांचं थोडक्यात. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यात मुलांच्या वस्तूंत शिशाची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), रंगाच्या थरात ९०. साध्या रंगवलेल्या कापडाला शिशाच्या टेस्टमधून सूट आहे, पण प्रिंट, बटण, झिप यांना नाही, हे कळलं की टेस्टचा खर्च बराच कमी होतो. युरोपात ठराविक अॅझो रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइन्सची मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रति किलो. जपानमध्ये दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यात फॉर्मल्डिहाइड १६ पीपीएमच्या आत, म्हणून हेच रसायन सोडू शकणारं "सुरकुत्या पडत नाहीत" वालं फिनिश बाळांना नकोच. चीनचं मुलांच्या कपड्यांचं वेगळं मानक २०१६ पासून लागू आहे, जीबी ३१७०१. प्रिंटसाठी पाण्यावर आधारित शाई घ्या, जाड रबरी थरासारखी प्लॅस्टिसोल घेतली तर थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करायचं घातक रसायन) नसल्याचा रिपोर्ट मागा, शिवाय ती हवाही अडवते आणि बाळाच्या छातीवर घामोळं येतं.

एक फुकटातलं शिक्षण सांगते, अमेरिकेच्या सीपीएससीची (ग्राहक वस्तूंच्या सेफ्टीचं सरकारी खातं) रिकॉलची, म्हणजे परत मागवलेल्या मालाची, यादी आणि तसंच युरोपचं सेफ्टी गेट, दर आठवड्याला चाळा. कुठल्या कपड्याचं काय चुकलं हे तिथे फोटोसकट असतं. मी जितकं त्यातून शिकले तितकं कोर्समधून नाही.

पायरी ६: टेक पॅक आणि सॅम्पल

कारखान्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून "असं करा" सांगायचं नाही. टेक पॅक म्हणजे पुढचं-मागचं रेखाचित्र, प्रत्येक मापाचा तक्ता आणि त्यात किती मिलिमीटर कमी-जास्त चालेल, कुठे कुठला टाका, कुठलं कापड, धागा, बटण, लेबल कुठे. बाळाच्या कपड्यात पाच मिलिमीटर सुद्धा खूप असतात, मोठ्यांचा चालणारा फरक इथे चालवू नका.

सॅम्पल क्रमाने घ्या. आधी फिटचं, एका मधल्या साइजचं, आणि ते खऱ्या बाळाला घाला, निदान तीन-चार वेगवेगळ्या अंगाच्या, डायपरसकट, आणि आईला एका हाताने घालायला सांगा, तुम्ही फक्त बघा, मदत करू नका. कुठे अडतं ते लगेच कळतं. एका आईने आमच्या सूटची तेरा टिचबटणं रात्रीच्या अंधारात लावायचा प्रयत्न करून दाखवला होता, शेवटी एक उरलं आणि पाय वाकडा. त्यानंतर आम्ही खालून-वरून दोन्हीकडून उघडणाऱ्या झिपवर गेलो. मग सगळ्या साइजचा सेट, मग खऱ्या कापडातलं, खऱ्या बटणाचं प्रॉडक्शनच्या आधीचं सॅम्पल, आणि ते पाच वेळा धुऊन मगच सही. लॅबची टेस्टही या शेवटच्या सॅम्पलवर, आधीच्या कापडावर केलेली टेस्ट काही कामाची नाही.

पायरी ७: कारखाना आणि तपासणी

कारखाना बाळांचंच काम करणारा हवा. मोठ्यांचे टी-शर्ट शिवणारा चांगला कारीगर सुद्धा एवढ्याशा बाहीत गोंधळतो, आणि तिथे नीडल डिटेक्टर असण्याची शक्यताही कमी. कमीत कमी किती पीस घ्यावे लागतील हे शिवणकामापेक्षा रंगाईवर ठरतं, म्हणून सुरुवातीला दोन किंवा तीन रंग ठरवा आणि सगळे कपडे त्यातच काढा. एकच रंगाई, तीन स्टाइल, सगळं एकमेकांवर घालता येतं.

माल तयार झाला की सॅम्पलिंगने तपासतात, आयएसओ २८५९-१ च्या तक्त्याने. उदाहरण, १००० पीसच्या लॉटमधून नेहमीच्या लेव्हलने ८० पीस काढायचे, मोठ्या दोषांना २.५ टक्क्यांची मर्यादा धरली तर पाच दोषी पीसपर्यंत लॉट पास, सहाला फेल. पण सेफ्टीच्या दोषाला, सैल बटण, सुईचा तुकडा, मर्यादा शून्य. एक सापडला तरी सगळा लॉट थांबवायचा, जहाज सुटेल-बिटेल काही ऐकायचं नाही.

पायरी ८: किती माल, कुठल्या साइजचा

इथे बहुतेकांची चूक होते ती नवजात साइज भरपूर काढण्याची. ती गोंडस दिसते, फोटो छान येतात, पण पहिलं सांगितलं तसं आठवड्यांत संपते. गिफ्ट देणारे लोक सहसा एक-दोन साइज मोठी घेतात, म्हणून जोर ६२ ते ८० वर ठेवा. दुसरं म्हणजे साइज आणि ऋतू एकत्र बघा. जाड झोपायचा सूट थंडीत ६८ साइजचा खपेल की नाही हे ती बाळं कधी जन्मली यावर असतं. साधं इंटरलॉक, पूर्ण बाही, वर्षभर चालणारं, यात पैसे टाका, अगदी सीझनचा माल थोडाच. लहान मुलांच्या जाकिटांचा उरलेला माल पुढच्या वर्षी खपतो, एखाद्या सणाचं चित्र छापलेला खपत नाही.

पायरी ९: लेबल, फोटो, विक्री

मानेवर शिवलेलं लेबल बाळाला टोचतं, तिथे छापील लेबल करा आणि कायद्याचं लांब लेबल बाजूच्या शिवणीत, मांडीच्या खाली. तंतूंचं प्रमाण, धुण्याची चिन्हं, कुठे बनलं, बनवणारा कोण, आणि लॉट नंबर. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून नवीन सर्वसाधारण सेफ्टीचा नियम लागू झालाय, त्यात बाहेरच्या देशातून विकणाऱ्यालाही तिथला एक जबाबदार माणूस किंवा कंपनी दाखवावी लागते, ऑनलाइन लिस्टिंगवर सुद्धा. अमेरिकेत मुलांच्या वस्तूला सर्टिफिकेट आणि कायमचं ट्रॅकिंग लेबल लागतं. जिथे विकणार तिथलं आधी वाचा, कुठे बनवता त्याने फरक पडत नाही.

फोटोत झोपलेलं बाळ दाखवायचं तर पाठीवर, सपाट गादीवर, आजूबाजूला उशी-खेळणी-दुपटं काही नाही. हे स्टायलिस्टला पटत नाही, पण लोक फोटो बघून तसंच करतात. बाळाच्या पालकांची लेखी परवानगी, किती वर्षं वापरणार तेही लिहून.

साइटवर साइजचा तक्ता कपडा सपाट ठेवून मोजलेल्या मापांचा द्या. रिटर्न आलं की कारणाचा रकाना साइजप्रमाणे भरा, "गळा घट्ट" ७४ मध्ये पाचदा आलं तर पॅटर्न उघडा, ग्राहकाशी वाद घालू नका.

आणि तो लॉट नंबर. एकदा आमच्या एका सूटची बटणं निघतायत अशा दोन तक्रारी आल्या, दोन्ही पीसवर एकच नंबर होता, रजिस्टरमध्ये बघितलं तर त्या दिवशी बटणाच्या मशीनचा डाय, म्हणजे बटण दाबायचा साचा, बदललेला. आम्ही फक्त तेवढ्या लॉटच्या लोकांना फोन करून पीस परत मागवले, पैसे दिले, विक्री थांबवली, आणि जिथे माल गेला तिथल्या सेफ्टी खात्याला कळवलं. नंबर नसता तर सहा महिन्यांचा सगळा माल परत बोलवावा लागला असता. म्हणून खोका बाहेर जायच्या आधी कुठला लॉट कोणाकडे गेला हे लिहून ठेवा, एक्सेलमध्ये, वहीत, कुठेही, आणि ती वही एकाच माणसाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.